कामावरून काढलेली बाई

मला कामावरून काढलं. मी सोडलं नाही, राजीनामा दिला नाही, कंटाळून घरी बसले नाही. काढलं. हे वाक्य आज सरळ लिहिते आहे, पण गेल्या वर्षी ते तोंडातून काढायची मला घरादाराने बंदी घातली होती.

ठिबक सिंचनाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीच्या यवतमाळच्या ऑफिसात मी दहा-अकरा वर्षं होते. नळ्या, फिल्टर, व्हॉल्व्ह कुठल्या दुकानात किती गेले, कुणाच्या शेतात काय फुटलं, कुठली तक्रार कुठे अडकली, हे सगळं माझ्याकडे. एका सकाळी आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवलं. पलीकडे एक बाई होत्या, मुंबईच्या की पुण्याच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्या म्हणाल्या, जिल्ह्याची ऑफिसं कंपनी बंद करते आहे, यापुढे सगळं नागपूरहून चालेल, आणि यात तुमच्यापैकी कोणाचीही काही चूक नाही. चूक नसल्याचं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. आवाज फार गोड होता. संध्याकाळी मी लॅपटॉप जमा केला, खणातला कंगवा आणि टिकल्यांची डबी पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

कोणाची चूक नाही म्हणाल्या ना? त्या दिवसापासून जो भेटला त्याने माझी चूकच शोधली.

शेजारच्या काकू दुसऱ्याच दिवशी वाटी घेऊन आल्या आणि चौकटीला टेकून हळूच म्हणाल्या, पैशाचं काही झालं काय? आमच्याकडे काढतात ते चोरी करणाऱ्याला, पिऊन येणाऱ्याला, नाहीतर मालकाशी वाजलेल्याला. जिनिंगमध्ये कापूस संपला की मजूर घरी जातात आणि दसरा झाला की परत येतात, त्याला कोणी काढणं म्हणत नाही. ते हंगामाचं आहे, सगळ्यांना कळतं. पण खुर्चीवर बसून पगार घेणारी बाई एका दिवसात घरी आली म्हणजे तिने काहीतरी केलंच असणार. माझ्या सख्ख्या मावशीनेसुद्धा फोनवर विचारलं, काही केलं तर नाहीस ना? केलं ना, मावशी. दहा वर्षं वेळेवर गेले, हे केलं.

पहिली मुलाखत आर्णी रोडवरच्या एका खाजगी शाळेच्या ऑफिसात होती. कारकुनाची जागा. संस्थेचे सचिव खुर्चीत मागे रेलून बसले होते. माझं शिक्षण, माझं काम, मला येणारी सॉफ्टवेअरं, यातलं त्यांनी काही वाचलं नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, काढलं का सोडलं? मी म्हटलं, काढलं, ऑफिसच बंद झालं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, "पण नागपूरचं तर चालू हाय न, मॅडम. कामाच्या माणसाले त्यांनी नागपूरले नेलं असतं."

मी सांगायला लागले की आमच्यातल्या एकालाही नेलं नाही, नागपूरचेही अर्धे लोक कमी केले. तोवर त्यांनी शिपायाला पुढच्या उमेदवाराला आत पाठवायची खूण केली होती.

दुसरी मुलाखत एका दवाखान्यात बिलिंगच्या जागेसाठी होती. ती डॉक्टरांच्या बायकोने घेतली. बाई शिकलेल्या, बोलायला मवाळ. त्यांनी चहा मागवला, माझ्या कामाचं कौतुकही केलं. मग म्हणाल्या की काढलेलं माणूस मनातून दुखावलेलं असतं, आणि दुखावलेलं माणूस पेशंटशी नीट बोलत नाही. शिवाय उद्या कंपनीने परत बोलावलं तर तुम्ही आम्हाला सोडून जाल. म्हणजे मी कामाची नाही म्हणून काढलं अशीही शंका, आणि मी इतकी कामाची की मला परत बोलावतील अशीही शंका. दोन्ही एकाच बाईबद्दल, एकाच कप चहात. मी म्हटलं, मी आत्ता तुमच्याशी नीटच बोलते आहे. पण खरं सांगायचं तर तोवर मी नीट बोलत नव्हते.

तिसऱ्या वेळी पांढरकवड्याला गेले, कर्ज देणाऱ्या एका संस्थेत. नवरा म्हणाला, तिकडे जातेच आहेस तर केळापूरच्या देवीचं दर्शन घेऊन ये. मी घेतलं नाही. देवीनेही काहून काढलं म्हणून विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? संस्थेतला साहेब माझ्याहून वयाने बराच लहान होता. त्याने आधीच्या वरिष्ठांचा फोन नंबर मागितला, चौकशी करायला. मी दिला. माझ्या त्या वरिष्ठांनाही त्याच व्हिडिओ कॉलवर काढलं होतं आणि आता ते गावी कोंबड्या पाळत होते. त्यांनी बिचाऱ्यांनी माझी भरपूर स्तुती केली. नंतर साहेबाचा मला फोन आला. म्हणाला, मॅडम, ते सर स्वतःच कंपनीत नाहीत, त्यांच्या सांगण्याला आम्ही काय अर्थ द्यायचा? म्हणजे काढलेल्या बाईबद्दल काढलेल्या माणसाने चांगलं बोलायचं नाही, आणि ज्यांनी काढलं ते तर फोनच उचलत नाहीत. मग माझ्याबद्दल बोलणार कोण?

मला नोकरी हवीच होती, ते लपवत नाही. नवऱ्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, ते हंगामात चालतं आणि एरवी माशा मारतं. घर अर्धं माझ्यावर होतं. पण नोकरीइतकंच मला आणखी काहीतरी हवं होतं. कोणीतरी समोर बसावं, मला काढलं हे त्याला माहीत असावं, आणि तरी त्याने म्हणावं, ठीक आहे, या कामाला. एवढंच. हे मागणं फार मोठं आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, नेरला राहतात आणि बाजार समितीत कामाला आहेत. माणूस वाईट नाही. फक्त जगातली प्रत्येक गोष्ट ओळखीने होते यावर त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी तिथल्या एका मोठ्या कृषी केंद्राच्या मालकाकडे माझा शब्द टाकला. बी-बियाणं, खतं, औषधं, शिवाय ठिबकचंही सामान, दोन गोदामं, आणि हिशेबाला-स्टॉकला भरवशाचं माणूस नाही. माझ्यासाठी याहून बरी जागा कुठली असणार? मी एसटीने नेरला गेले.

ती मुलाखत इतकी छान झाली की मलाच विश्वास बसेना. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी स्टॉकचे, जीएसटीचे, कंपनीकडून माल उशिरा आला तर काय करता असे खरे प्रश्न विचारले. मी भराभर उत्तरं दिली. काढलं का सोडलं हे त्यांनी विचारलंच नाही. मला वाटलं, भेटला बाबा एक माणूस. शेवटी फक्त एवढं विचारलं, घरचं कसं काय, आता करणारं कोणी आहे ना? हा प्रश्न बाईला प्रत्येक मुलाखतीत विचारतात. पोळ्या कोण करणार, पोरीला कोण बघणार. मी आतल्या आत दात खाल्ले आणि म्हटलं, हो, सगळं होतं घरी, काळजी नाही. भाऊ म्हणाले, मग पुढच्या सोमवारपासून या. बसमध्ये मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते.

रविवारी सकाळी भासऱ्यांचा फोन आला. भाऊ आणि त्यांची बायको लग्नाला यवतमाळला येत आहेत, आणि येताना आमच्याकडे येऊन जाणार आहेत.

"कशाला?" मी विचारलं.

"आईले पाहाले."

"आईंना काय झालं?"

 मग ते म्हणाले, "मी त्याईले सांगतलं होतं, का आईले लकवा झाला म्हून तुमी नौकरी सोडली. काढलं म्हून सांगतलं असतं त त्याईनं तुमाले दारातबी उभं केलं नसतं."

तर भाऊंनी मला काढलं का सोडलं हे का विचारलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. आणि करणारं कोणी आहे ना, हेही. भासऱ्यांना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नात्याने मोठे आहेत, म्हणून एवढंच सांगते की आईंना लकवा देण्याआधी मला विचारायला हवं होतं, असं मी बऱ्यापैकी मोठ्याने म्हटलं. पुण्या-मुंबईत हे खोटं खपलंही असतं. तिथे कोण कुणाच्या सासूला बघायला येतं? इथे आजारी आहे एवढं नुसतं कानावर पडलं की लोक डझनभर केळी घेऊन दारात उभे राहतात. बाजार समितीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एवढं सुचू नये?

आणि जिला लकवा झाला होता ती बाई त्या वेळी गच्चीवर मुगवड्या घालत होती. सासूबाई सत्तरीच्या आसपास आहेत. दिवसातून दोन-तीनदा जिना चढतात, पाण्याची बादली स्वतः उचलतात, आणि गुडघे दुखतात असं मी म्हटलं तर मला हसतात. नवऱ्याने त्यांना खाली बोलावलं आणि खाटेवर चादर घातली. मी म्हटलं, हे चालणार नाही, मी भाऊंना फोन करून सांगते. नवरा म्हणाला, सोमवार उद्या आहे, आज कशाला? दहा मिनिटांची गोष्ट आहे, नोकरी हवी आहे ना तुला?

सासूबाई पिठाचे हात पदराला पुसत उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक प्रश्न विचारला. "कोन्तं अंग गेलं माह्यं?"

नवऱ्याने भासऱ्यांना फोन लावून विचारलं. डावं, असं कळलं. मग सासूबाई खाटेवर चढल्या, म्हणाल्या, सुनीची नौकरी लागत असंल त झोपतो न मी, त्यात काय हाय. आणि त्यांनी गळ्यापर्यंत गोधडी ओढून घेतली. माझी मुलगी हसायला लागली, तिला मी आत पाठवलं. मला हसू येत नव्हतं. मला काढणाऱ्या त्या गोड आवाजाच्या बाईला आमच्या घरात आणून त्या खाटेसमोर उभं करावं असं वाटत होतं. बघा, म्हणावं, कोणाची काही चूक नाही म्हणालात ना, आता एका धडधाकट म्हातारीला अंग लुळं करून पडावं लागतं आहे.

भाऊ आले. बायको सोबत, हातात केळी आणि मोसंबी. भाऊ खुर्चीवर बसले, पण त्यांची बायको खुर्चीवर बसली नाही. ती सरळ खाटेच्या काठावर बसली, गोधडी बाजूला सारून तिने सासूबाईंचा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा चोळायला लागली. तिची आई लकव्यानेच काही वर्षं अंथरुणावर होती, तिनेच सगळं केलं होतं. तेल कोणतं लावता, तिने विचारलं. नवऱ्याने काहीतरी सांगितलं. ढाणकीकडे एक जण औषध देतात, गाडी पाठवू का, म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बोटं रोज मोकळी करत जाजा, ताई. माह्या मायची आखडलीच. मंग सरळ झालीच नाई."

तिचे डोळे भरून आले होते. ती एकेक बोट अलगद सरळ करत होती आणि सासूबाई छताकडे बघत होत्या. त्या हाताच्या नखांत मुगाचं पीठ वाळलेलं होतं. मला ते दिसत होतं. तिला आसवांत दिसलं नसावं.

इतक्यात भाऊ मला म्हणाले, "आजकाल कोण सासूसाठी नौकरी सोडते, ताई? बाकी पोट्ट्यायचे अर्ज आले होते, तुमच्याहून शिकलेले. पन हे आयकलं अन् मी तवाच पक्कं केलं. दुकानात अशी बाई पाह्यजे."

तर अशी बाई पाहिजे होती. ठिबकचा माल मला तोंडपाठ होता म्हणून नव्हे, स्टॉकच्या प्रश्नांना मी भराभर उत्तरं दिली म्हणून नव्हे. जे मी केलंच नव्हतं त्यासाठी मला नोकरी मिळाली होती. दहा-अकरा वर्षं जे केलं ते या जिल्ह्यात कुठेच चाललं नव्हतं.  नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. मी बोललेच. आईंना काही झालेलं नाही, भाऊ. मला कंपनीने काढलं. ऑफिस बंद केलं आणि सगळ्यांना काढलं. तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे, आणि ते मला आज सकाळी कळलं.

भाऊंच्या बायकोच्या हातातलं बोट तसंच राहिलं. तिने आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मले कायले रडवलं वो?" ती म्हणाली.

  त्या घरात त्या दिवशी राग यायचा खरा हक्क तिला एकटीलाच होता, आणि ती रागावलीसुद्धा नव्हती.

भाऊ मात्र शांत होते. ते रागावून निघून गेले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी घसा खाकरला आणि समजूत घालावी तसं बोलायला लागले. खोट्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. दुकानदारीत मीही बोलतो, म्हणाले, गिऱ्हाईकाशी बोलतो, कंपनीच्या लोकांशी बोलतो, त्याचं काय एवढं. अडचण दुसरीच होती. दुकानात सतरा जण येतात, कंपन्यांचे प्रतिनिधी येतात, ते विचारणार, ही बाई आधी कुठे होती, तिथून का आली. काढलेली बाई ठेवली म्हटल्यावर लोक काय म्हणतील? कोणी म्हणेल, भाऊला दुसरं माणूस मिळालं नाही. कोणी म्हणेल, गोदामाच्या चाव्या जपून ठेवा.

"म्हून जे ठरलं तेच राहू द्या," ते म्हणाले. "लकवा म्हनजे लकवा. कोनाच्याबी घरी येते, त्यात लाज नाई. आई हळूहळू बऱ्या होऊन राह्यल्या असं सांगू. तुमी उद्या या."

म्हणजे खोटं त्यांना चालत होतं. खरं चालत नव्हतं. मी दहा मिनिटांपूर्वी खोटी होते तेव्हा पक्की होते, आता खरी झाले तर अडचणीची झाले, आणि पुन्हा खोटी व्हायला तयार असेन तर उद्यापासून कामाला. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं होतं. त्याच्याकडे बघून मला आणखी संताप आला. त्यात त्याचं काही चुकत होतं असंही नाही. घर त्यालाही चालवायचं होतं, आणि आमच्या घरात नोकरीला नाही म्हणायची कोणाचीच ऐपत नव्हती.

मी काही बोलायच्या आत खाट करकरली. सासूबाईंनी त्या बाईच्या मांडीवरचा आपला हात हळूच काढून घेतला, काढताना तिच्या हातावर एकदा थोपटलं, आणि त्या उठून बसल्या. पाय खाली सोडले. पदर नीट केला. मग उभ्या राहिल्या आणि भाऊंसमोर आल्या.

"माह्या हातापायाले काई झालं नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन् हिच्या कामालेबी काई झालं नोतं. दोन्ही धड हायेत. काहून झाकाचं?"

भाऊ नवऱ्याकडे बघत राहिले, जणू घरातल्या बायांना त्याने आवरावं. नवरा जमिनीकडे बघत होता. मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, भाऊ, मला उद्या यायचं आहे, काम मला येतं, तुम्ही स्वतः बघितलं आहे. पण ठेवायचं असेल तर काढलेली बाई म्हणून ठेवा. विचारलं कोणी तर तसंच सांगा.

 भाऊ चहा न घेता उठले, बायकोला चल म्हणाले आणि केळी-मोसंबी तिथेच ठेवून गाडीत बसले. त्यांनी मला ठेवलं नाही.